डबी वाजली की थांबायचं

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, काही मागायला लिहीत नाहीये. म्हणजे मागायचंच आहे, पण आधी सगळं ऐकून घे. फोन मुद्दाम केला नाही. तो आईच्या उशाशी असतो, आणि तू बोललीस की सगळं घर हातातलं काम टाकून ऐकतं.

माझा अभ्यास तुला माहीत आहे. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं, की त्याला सांभाळणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो, हे मला शोधायचंय. विषयाला सरांनी मान डोलावली. आता घोडं अडलंय ते माहिती गोळा कशी करायची इथं. आधी प्रश्नावली केली. ‘तुम्ही समाधानी आहात का? खूप, बऱ्यापैकी, थोड्या.’ झाडून सगळ्यांनी ‘खूप’वर खूण केली. एका घरी तर सासूनंच केली, सुनेला म्हणाली, “तू कशाला त्रास घेतेस?” मग मुलाखती घ्यायला गेले, तर घरातलं कुणीतरी शेजारी येऊन बसायचं आणि तेच उत्तरं द्यायचं. शेवटी म्हटलं, एकट्या गाठून विचारू, काल दिवसभरात काय काय केलंत? एक बाई म्हणाली, “परवा केलं तेच.” मी हसले, आणि मग मला हसल्याचं कसंतरी झालं.

म्हणून आता ही डबी. सोबतच्या पुड्यात आहे. मी लावून ठेवलेल्या वेळांना ती वाजते, पण त्या वेळा फक्त मला माहीत. वाजली की हातातलं काम सोडायचं आणि एका कार्डावर तीन गोष्टी लिहायच्या: कुठे आहे, काय करतेय, मनात काय चाललंय. वेळही टाकायची. आठवड्याची कार्डं पाकिटात बंद करून मला पाठवायची. ती कुणीही उघडायची नाहीत, हा अभ्यासाचा नियमच आहे. परक्या घरांत द्यायच्या आधी ही पद्धत एका ओळखीच्या घरात करून बघायचीय. तुझ्याशिवाय कुणाला सांगू? आईलाही वेगळं लिहिलंय, की डबी वाजली की तुला कुणी हाक मारायची नाही, नाहीतर माझी सगळी मेहनत पाण्यात.

आणि घरचं म्हणून गोड गोड लिहू नकोस.

तुझी,
नणंद (पण छळणारी नव्हे)

१४ फेब्रुवारी

वन्सं,

छळणारी नव्हे म्हणे! डबी पाठवून वर हे!

पहिल्यांदा वाजली तेव्हा काय तारांबळ उडाली सांगू. टिंग टिंग टिंग, तीनदा. आई लंगडत दाराकडे निघाल्या, तुझा दादा झोपेतून उठून फोनकडे, आणि मी अप्पांना कुशीवर वळवत होते, ती त्यांना धरून तशीच उभी. सोडू कशी? तेव्हा पहिल्या कार्डावर ‘काय करतेय’च्या पुढे लिहिलंय ‘अप्पांना धरून उभी आहे’ आणि ‘मनात काय’च्या पुढे ‘ही मेली बंद कशी करायची’. शास्त्राला चालत असेल तर ठेव.

इथलं सगळं तुला ठाऊकच आहे. बाहेरच्या खोलीत अप्पांची कॉट. वाचा गेली ती गेलीच, उजवी बाजूही नाही, डावा हात तेवढा शाबूत. काही हवं असलं की त्या हातानं गादी थोपटतात. आईंच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, त्यांना उचलणं होत नाही. तुझा दादा रात्रपाळी करून येतो नि दुपारभर झोपतो. राहता राहिले कोण, ते तूच ओळख. तुमच्या शास्त्राला एवढं तर कळत असेल.

पण एक गंमत झालीय. डबीला आईंनी डोक्यावर घेतलंय. आमच्या मुलीचं शिक्षण आहे! परवा डबी वाजली, मी कार्ड घेऊन खिडकीत बसले, आणि तुझ्या दादानं हाक मारली, माझा शर्ट कुठाय? आई कडाडल्या, “डबी वाजलीय, दिसत नाही? शर्ट स्वतः शोध!” वन्सं, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी बसलेय म्हणून या घरात कुणी गप्प बसल्याचं मला आठवत नाही. मी उगाच आणखी दोन ओळी लिहिल्या.

आणखी एक. चष्म्याच्या दुकानातल्या काकांचा निरोप आला. लग्नाआधी मी तिथं काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, आठवतं? तिथली बाई काम सोडतेय. रोज दुपारी थोडा वेळ येशील का, म्हणून विचारलंय. मी ‘बघते’ म्हटलंय. काचेची कड चाकावर धरली की बोटांना जे कळतं ना, ते मला अजून आठवतं.

कार्ड लिहायला किती वेळ लागला तर चालतो? तुझा काही नियम आहे का?

तुझी वहिनी

२ मार्च

प्रिय वहिनी,

तुझी कार्डं सरांना दाखवली. ते गालात हसले. शितावरून भाताची परीक्षा म्हणाले, ही पद्धत चालणार. प्रश्नावलीतल्या शंभर ‘खूप’पेक्षा तुझं एक ‘ही मेली बंद कशी करायची’ मला जास्त काही सांगतं. देव पावला समज!

वेळेचा नियम वगैरे काही नाही. हवा तितका वेळ घे. घाईत लिहिलं की माणूस ठरीव लिहितो. वाटलं तर खाली उतरून मोकळ्या हवेत जाऊन लिही, माझी ना नाही. तसं आईलाही कळवते, म्हणजे ती कुरकुरणार नाही.

दुकानाचं वाचून छान वाटलं. अप्पांचं जरा बरं झालं की जरूर बघ. सध्या तुझ्यावर किती भार आहे ते मला कळतं.

इथं वसतिगृहाच्या खोलीत माझ्याभोवती नुसता कागदांचा ढीग आहे. त्यातून वाट काढत पलंगापर्यंत पोचावं लागतं.

तुझी,
नणंद

२० मार्च

वन्सं,

कार्डं पाठवतेय. या खेपेला जरा जास्तच भरलीत, जाडजूड पाकीट बघून घाबरू नकोस.

दुकानाचं लिहिलंस. अप्पांचं जरा बरं झालं की बघ. आईही हेच म्हणतात, तुझा दादाही हेच म्हणतो. डॉक्टर तेवढे म्हणत नाहीत, ते म्हणतात आहे हे असंच राहील. आता तूही इतरांसारखंच म्हणालीस. असो. चुकलं तुझं काहीच नाही, तू लांब आहेस.

डबी मात्र तुझी फार गुणाची. तिच्यावर माझा जीव जडलाय. अप्पांच्या डाव्या हाताच्या फळीवरच ठेवते. हल्ली ते डबीकडे बघतात नि मग माझ्याकडे बघतात. काय विचार करत असतील कोण जाणे.

घरचे बरे आहेत. मोकळ्या हवेचा मला गुण येतोय.

तुझी वहिनी

५ एप्रिल

चिमे,

अनेक आशीर्वाद, आणि आधीच सांगते, मी रागावून लिहीत नाहीये. पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

तुझी डबी हल्ली रोज दुपारी वाजते. ती वाजली की सूनबाई कार्ड घेऊन मोकळ्या हवेत जाते ती तासाने, दीड तासाने येते. एवढं काय लिहिते? आमच्या वेळी परीक्षेला सुद्धा इतकं लिहीत नव्हते. बरं, तू स्वतः तसं कळवलंस म्हणून मी तोंड उघडलं नाही. लेकीच्या शिक्षणात आपण खोडा घालू नये.

पण परवा दुपारी हे कॉटवरून घसरले. मी स्वयंपाकघरात होते. नुसता धप्प आवाज आला. मला उचलता येईना. तुझ्या दादाला हाका मारल्या, त्याचं दार बंद, आत पंखा. मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसून राहिले सूनबाई येईपर्यंत. लागलं नाही फार, पण मला इतकं रडू आलं की काय सांगू. हे माझ्याकडे बघत होते, आणि मी नुसती ‘येईल हं, आता येईल’ म्हणत होते.

तर विचारायचं एवढंच. तुझ्या अभ्यासाला हे लागतंच का? लागत असेल तर तसं लिही, मी एक शब्द बोलणार नाही. पुढं कधी सुट्टी मिळाली तर चार दिवस येऊन जा. आलीस की लगेच निघायची घाई करतेस.

तुझी आई

१२ एप्रिल

प्रिय आई,

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. अप्पांना आता बरं आहे ना?

चूक माझी आहे, वहिनीची अजिबात नाही. मी वहिनीची कार्डं माझ्या वेळांशी ताडून बघितली. दुपारच्या त्या वेळा मी लावलेल्याच नाहीत. डबी बिघडलीय, आपल्या मनानं वाजतेय. आणि आपली वहिनी शब्दाला जागणारी, ती वाजली की बिचारी उन्हात खाली उतरून लिहीत बसते. मी म्हटलं होतं ना, मोकळ्या हवेत बस, वेळ घे. आधीच तिला श्वास घ्यायला फुरसत नाही, त्यात हे मी लावून दिलं.

तेव्हा डबी तिच्याकडून काढून घे आणि कपाटावर ठेवून दे. माझ्या अभ्यासाला आता त्याची गरज नाही. सरही म्हणाले, वेळा चुकल्यात, आपल्या घरची कार्डं मोजणीतून वगळावी लागतील. त्याचं मला वाईट वाटत नाही. वहिनीला म्हणावं, सुटलीस. दुपारी जरा पाठ टेकत जा.

तुझी,
चिमी

२५ एप्रिल

वन्सं,

हे पत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या हाती देतेय. आता मला टपालाच्या पेटीपर्यंत जायला कारण उरलेलं नाही.

तुझं पत्र आईंनी मला वाचून दाखवलं. आवाजात माया होती हो, खरंच. म्हणाल्या, “बघ, चिमीला तुझी किती काळजी! सुटलीस गं बाई.” आणि डबी कपाटावर गेली. मी मान हलवली. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

डबी बिघडली नव्हती. तुझी डबी एकदम ठणठणीत आहे. तिच्या मागं बटण आहे, ते दाबून धरलं की ती वाजते. मीच वाजवायचे. आई स्वयंपाकघरात गेल्या की दाबायचे, आणि ‘डबी वाजली’ म्हणून कार्ड घेऊन निघायचे, ते थेट चष्म्याच्या दुकानात. तू मोकळी हवा म्हणालीस ना? काकांच्या दुकानात मागच्या खोलीत हवा अजिबात नाही, पण मला तिथं इतकं मोकळं वाटलं की विचारू नकोस. चाकासमोर बसायचे. कुणी हाक मारत नसे. मारली तरी काचेचा नंबर विचारायला मारत. परत येताना जिन्यात बसून कार्ड भरायचे. ‘कुठे आहे’ तेवढं खोटं लिहिलं. ‘मनात काय’ ते सगळं खरं आहे. ती कार्डं फेकली नसशील तर वाचून बघ.

अप्पा पडले तेव्हा मी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा चष्मा बसवत होते. घरी आले तर आई फरशीवर, अप्पा फरशीवर. त्यांचे कपडे ओले होते. त्या दिवसाचं कार्ड मी पाठवलंच नाही. काय लिहू? मी कोणाला दोष देऊ? आई तरी काय करणार, त्यांचे गुडघे. त्याही या खोलीतच अडकल्यात, त्यांना तर खाली उतरूनही किती दिवस झाले कोण जाणे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो आम्ही दोघी खातोय, आणि मारणारं कुणी दिसत नाही.

तू फार मायेनं दार लावून घेतलंस, वन्सं. म्हणून तर तुझ्यावर रागावताही येत नाही. तुझ्या कार्डावर दर वेळी विचारलंस, मी कुठे आहे. कुठे असावंसं वाटतं, हे विचारायचं राहून गेलं.

काका म्हणतात, मेच्या पंधरा तारखेपर्यंत जागा ठेवतो, मग दुसरी बघावी लागेल. मी ‘बघते’ असंच म्हटलंय. दुसरं काय म्हणणार?

तुझी वहिनी

३ मे

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आल्यापासून मी दोनदा उत्तर लिहून फाडलं.

पहिल्यात मी आईला खोटं कळवणार होते. अभ्यासाचा नवा टप्पा सुरू झालाय, वहिनीला दुपारी बाहेर जावंच लागेल. आई एक शब्द बोलली नसती, तिनं तसं लिहूनच दिलंय. पण मग तू जन्मभर माझ्या शिक्षणाच्या परवानगीनं जिना उतरणार, आणि माझी पदवी झाली की पुन्हा कपाटावर. ते मला नको वाटलं.

दुसऱ्यात मी लिहिलं, की अभ्यास-बिभ्यास सगळं सोडून मी येते. पण वहिनी, मी चार दिवसांच्या वर घरी का राहत नाही, ठाऊक आहे? एकदा का अप्पांच्या कॉटशी बसले, की कुणी उठू देणार नाही, ही भीती वाटते. मी जिचा अभ्यास करते त्या बाईसारखी होण्याची भीती. म्हणून मी लांब बसून डब्या पाठवते. तुला हे सांगताना लाज वाटतेय, पण आता तुझ्याशी तरी खरं बोलावं.

कार्डं फेकलेली नाहीत. सगळी पुन्हा वाचली. सर म्हणतात, वेळा खोट्या म्हणजे मोजणीला निरुपयोगी. मी त्यांच्याशी वाद घातला, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, सर, एका घरात बाई दमलीय म्हणून कुणी थांबलं नाही, आणि एका डबीसाठी सगळे थांबले. हे सापडलं ते माहिती नाही तर काय आहे? ते म्हणाले, विचार करतो.

तर तिसरं हे. आईला आजच खरं ते सगळं लिहिलंय. तू कुठे जात होतीस, का जात होतीस. डबी चांगली आहे, बिघडलंय ते दुसरंच काही. दादानं दुपारचा तासभर अप्पांपाशी बसावं, झोप नंतर काढावी, हेही लिहिलंय. त्याचं काय होईल मला माहीत नाही. तुझ्यावर आणखी संकट आणलं असेन तर मला शिव्या दे. आगीतून फुफाट्यात पडलीस तर ती माझ्याचमुळे. येत्या महिन्यात मी येतेय, आणि या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझी,
नणंद

१५ मे

वन्सं,

हे पत्र कुठून लिहितेय ते शेवटी सांगते.

तुझं पत्र आलं, आईंनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि अप्पांच्या उशाखाली ठेवलं. मला एवढंच म्हणाल्या, “शिकून हे शिकली.” त्यात तू की मी, ते कळलं नाही. तुझा दादा म्हणाला, “दुपारी मी झोपतो, हे सगळ्यांना माहीत आहे.” त्यानंतर घरात कुणी काही बोललं नाही. भांड्यांचा आवाज तेवढा. मला वाटलं, ओरडतील, भांडतील, निदान बोलतील तरी. पण गप्प बसणाऱ्या घरातून बाहेर पडणं जास्त अवघड असतं, हे मला आत्ता कळलं. पंधरा तारीख जवळ येत गेली आणि मी मनातल्या मनात काकांना ‘नाही’ सांगून टाकलं.

आज दुपारी अप्पांना औषध दिलं, भांडं धुवायला वळले. तुझा दादा झोपलेला. आई आत. आणि मागं आवाज झाला.

टिंग टिंग टिंग.

मी कपाटावर बघितलं. डबी तिथंच, धूळ खात. पुन्हा टिंग टिंग टिंग. वळून पाहिलं, तर औषधाचा चमचा अप्पांच्या डाव्या हातात, आणि ते कॉटच्या लोखंडी कडेवर वाजवत होते. तीनदा, जसं डबीचं असायचं अगदी तसं. मग चमचा दाराकडे केला. वन्सं, मी रोज त्यांच्या डोळ्यांसमोर ते बटण दाबायची. मला वाटायचं, यांना काय कळतंय. ते सगळं बघत होते. त्या दिवशी घसरले तेव्हाही त्यांना माहीत होतं, डबी मीच वाजवून गेलेय.

आतून आई सवयीनं ओरडल्या, “सूनबाई, डबी वाजली गं!” आणि मग त्यांनाच आठवलं असेल, त्या बाहेर आल्या. अप्पांच्या हातातला चमचा बघितला. अप्पांनी तो सोडला नाही. त्यांनी आईंकडे बघत आणखी एकदा वाजवला.

“तुम्ही सुद्धा?” आई म्हणाल्या. मग स्टूल ओढून कॉटला लावून बसल्या, ते घसरू नयेत म्हणून. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मला उचलता येत नाही, एवढं लक्षात ठेव. लवकर ये.”

मी चपला घातल्या. जिना उतरले.

आता दुकानाच्या मागच्या खोलीतून लिहितेय. काकांनी चाकासमोरची खुर्ची पुसून ठेवलीय. माझे कान घराकडेच आहेत. मी परत जाईन तेव्हा अप्पांची चादर ओली असेल आणि ती मीच बदलणार आहे, उद्याही, परवाही. उद्या आई स्टूल ओढतील की नाही, हेही माहीत नाही. तू लवकर ये. चार दिवसांपेक्षा जास्त राहा, मी तुला अडकू देणार नाही, शब्द देते.

पर्समध्ये तुझं एक कोरं कार्ड सापडलं, ते भरून पाठवतेय. सरांना मोजणीत घ्यायचं तर घेऊ देत.

कुठे आहे: चष्म्याच्या दुकानात.
काय करतेय: काच घासतेय.
मनात काय चाललंय: डबी वाजली नव्हती. अप्पांनी वाजवली.

तुझी वहिनी